उर्दूतला दोन

मित्रांनो, अमरावतीच्या या भंगाराच्या आवारात शिरलात की डाव्या हाताला पत्र्याच्या जुन्या डब्यांचा ढीग लागतो. त्याच्या बुडाशी, एका मोडक्या शिलाई मशीनला टेकून जो गोल, जाडजूड, उखळासारखा लोखंडी ऐवज पडला आहे ना, तो मी. हात लावू नका, अंगभर गंज आहे. जरा बसा मात्र. मला सांगायचं बरंच आहे आणि इथे ऐकणारं कुणी नाही.

मी पंच प्रेसचा मल्टिटूल आहे. नावाला घाबरू नका. पंच प्रेस म्हणजे पत्र्याला भोकं पाडणारं मोठं मशीन. पंच म्हणजे वरून पत्र्यावर आदळणारा पोलादी दांडा आणि डाय म्हणजे पत्र्याखाली बसणारी त्याची जोडीदार, पंचापेक्षा केसभर मोठं भोक असलेली चकती. पंच पत्र्यातून आरपार डायमध्ये उतरतो, कापलेला तुकडा खाली पडतो, झालं भोक. एरवी मशीनच्या एका जागेत एकच पंच मावतो. माझ्या पोटात मात्र सात घरं होती आणि त्यांत सात पंच राहायचे. कुणी गोल भोक पाडणारा, कुणी चौकोनी, कुणी लांबट. मशीन मला गरकन फिरवायचं आणि हवा त्याला ठोक्याखाली आणायचं. एका जागेत सात जणांचं काम करणारा असा मी. स्वतःचं कौतुक स्वतःच करतो आहे, कारण करणारा माणूस गेला.

माझा जन्म बंगळूरच्या एका टूलरूममधला. तिथे मला तासलं, तापवलं, तेलात बुडवलं आणि ग्रीस फासून लाकडी खोक्यात बंद केलं. खोकं उघडलं ते अमरावतीच्या एमआयडीसीत, दोन हजार तीन साली. कारखाना वामनरावांचा. चांदूर बाजारकडे त्यांच्या घरची काळी जमीन होती. वामनराव आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघांनी तिचा एक तुकडा विकून ते पंच प्रेस आणलं होतं. अकोल्याच्या डाळ मिलना आणि धान्य निवडायच्या मशीनना लागणाऱ्या चाळण्या आम्ही करायचो.

खोक्यातून मला बाहेर काढणारे हात कुर्बानचे. पन्नाशीचा, काटकुळा, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. त्याने माझं ग्रीस पुसलं, मला डायसकट काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला आणि मोठ्याने हसला.

"वामनभाऊ, सात घरं अन् बारा किलो वजन! माह्या सात पिढ्यांत कोनाच्या नावानं वावर नव्हतं. आज मले सातबारा भेटला पाहा!"

वामनरावही हसले. म्हणाले, "घे मंग. तुयाच नावावर केला."

सातबारा म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे ते सांगणारा कागद, हे शेतकऱ्यांच्या लेकरांना वेगळं सांगायला नको. त्या दिवसापासून माझं नाव पडलं सातबारा. मालक थट्टेत बोलले होते. कुर्बानने मात्र ते मनावर घेतलं. खरं सांगू? मीही घेतलं.

मित्रांनो, त्या माणसाने मला जसं सांभाळलं तसं लोक दुभत्या म्हशीलाही सांभाळत नाहीत. काम संपलं की तो मला मशीनमधून उतरवायचा, सातही घरं रिकामी करायचा, सुती फडक्याने पुसायचा. आत पत्र्याचा एवढासा कण राहिला तरी दुसऱ्या दिवशी तो माझं अंग ओरबाडतो, हे त्याला ठाऊक होतं. मग तेलाचं बोट. अगदी बोटच, वाटी नव्हे. "तेल जास्त झालं का धूळ चिकटते," असं तो ऑपरेटर धर्मपालला सांगायचा. हातोडीने मला कधी टोला दिला नाही. एखादा पंच घरात बसेना तर तो काढून पुन्हा पाहायचा, चूक कुठे आहे ते शोधायचा. जोर लावणं म्हणजे आपली अक्कल संपली हे कबूल करणं, असं त्याचं मत होतं.

धार लावण्याचा तर त्याचा सोहळाच असायचा. पंचाची कड थोडीशी बोथट झाली, बोटाच्या नखाला नुसती गुळगुळीत लागली, की तो काम थांबवायचा. फिरत्या दगडावर पाण्याची धार सोडून, पंच तापू न देता, अगदी पापुद्र्यागत थर काढायचा. एकाला घासलं की सातही जणांची उंची मोजायची, कारण एक बुटका आणि सहा उंच असले तर ठोका नीट पडत नाही. जेवढं घासलं तेवढी पत्र्याची पातळ चकती खाली सारून उंची भरून काढायची. घासताना पोलादात थोडं चुंबक भरतं आणि मग कापलेले तुकडे पंचाला चिकटून वर येतात. म्हणून ते चुंबकही उतरवायचं. "पोराले न्हाऊ घातल्यावर पुसून घ्या लागते ना, तसं," तो म्हणायचा. मशीन दिवसभर धडधडत स्वतःचाच डांगोरा पिटायचं. पण माझ्यावाचून त्याचा ठोका म्हणजे रिकाम्या घागरीचा नाद होता, हे आम्ही दोघं जाणून होतो.

आता मुद्द्याची गोष्ट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर फिरतं. माझ्या सात पंचांना डाय चौदा होत्या. एक मिलिमीटरच्या पातळ पत्र्यासाठी सात आणि दोन मिलिमीटरच्या जाड पत्र्यासाठी सात. पातळ पत्र्याला पंच आणि डायमधली फट अगदी कमी लागते, जाड पत्र्याला जास्त लागते. जाडाची डाय पातळ पत्र्याखाली लावली तर पत्रा कापला जात नाही, फाटतो. भोकाच्या काठाला कुसळासारखी धारदार कोर उभी राहते. कारखान्यात तिला बर म्हणतात. डोळ्यांना ती दिसेलच असं नाही, तळहाताला मात्र लागते. कुर्बान प्रत्येक चाळणीवर दोन्ही अंगांनी तळहात फिरवल्याशिवाय ती बाहेर जाऊ देत नसे.

चौदा डाय एकमेकींत मिसळू नयेत म्हणून त्याने त्यांच्यावर आकडे कोरले होते. पातळ पत्र्याच्या डायवर एक, जाडाच्या डायवर दोन. कुर्बान उर्दू शाळेत शिकलेला, त्यामुळे आकडे उर्दूतले. उर्दूतला एक म्हणजे नुसती उभी रेघ. आणि दोन म्हणजे उभी दांडी, वर तिला वळवलेलं डोकं. घाईघाईत पाहिलं तर तो दोन थेट मराठी एकासारखा दिसतो. इतकी वर्षं याने काही बिघडलं नाही, कारण मला हात लावणारा कुर्बान एकटाच होता.

त्या वर्षांत वऱ्हाडात शेतीने माणसांना रडवलं होतं. कापसाने दगा दिला म्हणून लोक सोयाबीनकडे वळले, तर पिशवीतल्या बियाण्याचा भरवसा राहिला नाही. मग गावोगावच्या बाया म्हणू लागल्या की आपलं बी आपणच निवडून ठेवू. वलगावच्या दुर्गाबाईंनी वीस-बावीस बायांचा गट केला, बी निवडायचं एक लहान मशीन आणलं आणि चाळणी करून घ्यायला त्या आमच्या कारखान्यात आल्या. ठेंगण्या, आवाज खणखणीत. मालकांशी न बोलता त्या सरळ कुर्बानपाशी आल्या.

"कुर्बानभाऊ, सोयाबीनचं साल कांद्याच्या पापुद्र्यावानी असते. चाळणीचा ओरखडा बसला का बी मेलं. वरून दिसते चांगलं, पेरल्यावर उगवतच नाही. मले नुसती चाळणी नाही पायजे, भरवसा पायजे."

कुर्बानने हातातली चाळणी स्वतःच्या गालावरून फिरवली. "ताई, माह्या हातच्या चाळणीनं एका दान्याले जरी ओरखडा आला, तं माहं नाव कुर्बान नाही."

बस्स, एवढाच करार झाला. कागद नाही, सही नाही. त्या हंगामात वलगावचं बी असं उगवलं की शेजारपाजारच्या गावांतून गट येऊ लागले. येणारी बाई वामनरावांचं नाव घेत नसे. "कुर्बानभाऊच्या हातची द्या," म्हणायची. मला वाटतं, मालकांच्या मनात काटा रुतला तो तेव्हाच. पण हे माझं वाटणं झालं.

दोन हजार सहा सालचा मे महिना. दुर्गाबाईंच्या गटाला या खेपेस नव्या चार चाळण्या हव्या होत्या. नेमकी तेव्हाच अकोल्यात कुर्बानच्या भावाची मुलगी अमरीन, तिचं लग्न निघालं. भाऊ वारलेला, म्हणून थोरला चुलता या नात्याने कुर्बानला चार दिवस जाणं भाग होतं. निघण्याआधी त्याने मला उतरवलं, पंच नखाला लावून पाहिले आणि मला फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं.

धर्मपालला म्हणाला, "धार गेली हाये. मी आल्यावर लावतो. तवर सातबाऱ्याले हात लावू नका."

तो गेला आणि दुसऱ्याच दिवशी गजेंद्रने मला बाहेर काढलं. गजेंद्र म्हणजे वामनरावांचा पुतण्या, थोरल्या भावाचा मुलगा. डिप्लोमा झालेला, सहा महिन्यांपासून सुपरवायझर. पोरगा वाईट नव्हता, घाईचा होता. वाट पाहणं म्हणजे त्याला कमीपणा वाटायचा.

धर्मपाल बिचकत म्हणाला, "दादा, चाचाले एक फोन लावून पायतो."

"भोकं पाडाले काय पंचांग पाहा लागते?" गजेंद्र म्हणाला. "काढ त्या डाय."

त्याने डायचे दोन्ही डबे पुढ्यात घेतले. एका डब्यातल्या डायवर नुसती रेघ होती. तो म्हणाला, हा ओरखडा असेल. दुसऱ्या डब्यातल्या डायवर वळलेल्या डोक्याची दांडी होती. तो म्हणाला, हा एक. एक मिलिमीटरचा पत्रा, एक नंबरची डाय. आणि त्याने उर्दूतला दोन माझ्या सातही घरांखाली बसवला.

मित्रांनो, मला त्याच क्षणी कळलं होतं. नीट बसलेला पंच पत्र्यातून जातो तेव्हा टक् असा सुटा आवाज येतो. त्या दिवशी भद्, भद् असा आवाज येत होता, ओलं पोतं काठीने बडवल्यासारखा. मी पत्रा कापत नव्हतो, फाडत होतो. धार गेलेली, फट वाढलेली, आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. मी ओरडून सांगायला हवं होतं. पण लोखंडाला तोंड कुठे असतं? चार चाळण्या झाल्या. तळहात कुणी फिरवला नाही. वलगावचा टेम्पो आला आणि त्या घेऊन गेला.

कुर्बान अकोल्याहून परतला तो लग्नाचे लाडू घेऊन. धर्मपालच्या हातावर लाडू ठेवला, मला उघडलं, डाय पाहिल्या आणि त्याचा चेहरा उतरला. कोपऱ्यात पत्र्याचे कापलेले तुकडे पडले होते. त्याने एकावरून अंगठा फिरवला. अंगठ्यातून रक्त आलं.

तो धावतच वामनरावांकडे गेला. त्यांची केबिन मशीनला लागूनच होती, सगळं ऐकू येत होतं. "वामनभाऊ, त्या चाळण्या वापस बलवा. आजच. मी दोन तासात घासून देतो. बी लागलं त्याच्यावर तं मरून जाईन."

"तू घाबरू नको. मी आत्ताच फोन करतो दुर्गाबाईले," वामनराव म्हणाले.

कुर्बान हुश्श करून परतला. चाळण्या आल्या की चूक जुळवून पाहायला म्हणून त्याने मला तसंच, डाय न बदलता, फडक्यात गुंडाळून ठेवलं आणि तो चहा प्यायला गेला. फोन काही झाला नाही. केबिनमध्ये फोन उचलल्याचा आवाज मी त्या दिवशी ऐकला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही; कुर्बानने विचारलं की "येतीन चाळण्या," एवढंच मालक म्हणायचे. एकदा दिलेला माल परत बोलावला तर बाकीच्या गावांत बोभाटा होईल, ही मालकांची भीती. मधल्या मध्ये वलगावात बायांनी त्या चाळण्या मशीनला लावल्या आणि साठ पोती बी त्यांवरून काढलं.

पेरणीपूर्वी दुर्गाबाईंनी नेहमीप्रमाणे बी तपासलं. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवायचे, गुंडाळी करायची आणि काही दिवसांनी किती उगवले ते मोजायचे. त्यांनी दोन गुंडाळ्या केल्या होत्या. न चाळलेल्या बियांचे शंभरातले ब्याऐंशी उगवले. चाळलेल्यांचे एकेचाळीस. बाई हुशार, ओरखडा चाळणीचाच हे त्यांना नेमकं समजलं. त्यांनी वामनरावांना निरोप धाडला, "सोमवारी येते. ज्यानं भोकं पाडले ते टूल मले पाहाचं हाये."

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत वामनराव माझ्यापाशी आले. कुर्बान डबा खात होता. मालक त्याच्याशेजारी, खाली जमिनीवर बसले. इतक्या वर्षांत ते कधी असे बसले नव्हते.

"कुर्बान, फोन कराचं राहून गेलं माह्याकडून."

कुर्बानने हातातला घास परत डब्यात ठेवला.

"झालं ते झालं. गजेंद्रच्या बापाचं वावर हाये या मशीनात. पोराचं नाव निघालं तं भाऊ माहं तोंड पाहणार नाही. तू असं कर, पंचाले धार लावून ठेव, डाय बदलून ठेव. सारं साफ. बाईले मी सांगतो का पत्राच खराब आला होता. तुयंही नाव नाही, त्याचंही नाही."

"अन् बाईचं बी?"

"ते मी पायतो. तू जबान दे, का काही बोलणार नाही."

कुर्बानने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "दिली."

मी मनात आक्रोश केला, मित्रांनो. नको रे देऊस! माझ्या अंगावर त्या चुकीची खूण होती. बोथट पंच होते, कडा तुटलेल्या होत्या, फाटलेल्या पत्र्याचा चिकटा होता, चुकीच्या डाय अजून घरांखाली होत्या. जाणत्या माणसाने मला उघडून पाहिलं असतं तर एका नजरेत सगळं कळलं असतं. कुर्बान खरा होता आणि त्याचा साक्षीदार मी होतो.

दुपारी त्याने दगड सुरू केला. सोडली पाण्याची धार. एकेक पंच काढून, तापू न देता, पापुद्र्यागत थर काढून, त्याच्या नेहमीच्या निगुतीने. सातही जणांच्या उंच्या मोजल्या. चुंबक उतरवलं. डाय बदलल्या. इतकी सुरेख धार त्याने मला कधी लावली नव्हती. माझं सगळं खरं त्याच्या हाताखालून पाण्याबरोबर वाहून गेलं.

"माफ कर, सातबाऱ्या," तो म्हणाला. "मालकाची इज्जत हाये."

मी तेव्हा माफ केलं नाही. अजूनही धड केलेलं नाही.

सोमवारी दुर्गाबाई आल्या. सोबत गोदाबाई नावाची गटातली एक म्हातारी होती. मला केबिनच्या टेबलावर ठेवलं होतं. दुर्गाबाईंनी दोन्ही गोणपाटं माझ्याशेजारी उलगडली. एकावर कोंबच कोंब, दुसरं अर्धं मुकं.

वामनरावांनी मान हलवली. सुस्कारा सोडला. आणि म्हणाले, "बाई, तुमच्यापासून काय लपवाचं? पत्रा चांगला होता. कुर्बानच धार न लावता लग्नाले निघून गेला. मी परवाच पाहिलं तं पंच बोथट. आता तुमी येणार म्हणून घासून ठेवले त्यानं. पाहा ना, कसे चमकून राहिले."

कुर्बान दारात उभा होता. तो असा दचकला, जसं कुणी मागून ढकललं असावं. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. ज्या धारेने मालकांची अब्रू झाकायची होती, तीच धार त्यांनी पुरावा म्हणून पुढे केली. गजेंद्र कोपऱ्यात होता. त्याने मान खाली घातली.

दुर्गाबाईंनी मला हातात घेतलं. एका पंचाच्या कडेवर बोट टेकवलं. मग कुर्बानकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं.

"कुर्बानभाऊ, हे पंच तुमी कवा घासले?"

खोटं बोलणं त्याच्या रक्तात नव्हतं. "परवा, ताई."

"मी येणार हे माहीत झाल्यावर?"

"हो, ताई."

"अन् चाळण्या केल्या तवा घासलेले नव्हते?"

"नव्हते."

तिन्ही उत्तरं खरी. आणि तिन्हींनी मिळून एक मोठं खोटं उभं केलं. तो पुढे बोलेल म्हणून मी वाट पाहत होतो. बोल रे, डायचं बोल, फोनचं बोल! पण त्याने जबान दिली होती. मालकाने आपला शब्द मोडला म्हणून आपणही मोडावा, हे त्या भल्या माणसाला सुचलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो खात राहिला.

दुर्गाबाईंनी गोणपाटं गुंडाळली. गोदाबाई पुटपुटली, "चोराच्या मनात चांदनं." दुर्गाबाई तिला म्हणाल्या, "चाल व माय. बी धुंडाचं हाये अजून." जाताना त्या कुर्बानजवळ थांबल्यासुद्धा नाहीत.

"काही दिवस घरी राह्य," असं वामनरावांनी कुर्बानला त्याच संध्याकाळी सांगितलं. गरज सरो, वैद्य मरो. ते काही दिवस कधी संपले नाहीत.

आता माझा ताबा गजेंद्रकडे आला. पोराला आत कुठेतरी टोचत असावं. हे पुन्हा होऊ नये असं त्यालाही मनापासून वाटत होतं. पण चूक नेमकी कुठे झाली ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कुर्बान गप्प, मालकांना फिकीर नाही आणि धर्मपालला उर्दू येत नाही. धार लावली नाही एवढीच आपली चूक, अशी त्याची समजूत. एक दिवस तो कोरायचं मशीन घेऊन बसला. "चाचाचे हे वाकडेतिकडे आकडे कोणाले समजतीन? सारे मराठीत करून टाकतो." त्याने उर्दूतला दोन दगडावर घासून काढला आणि तिथे ठळक मराठी एक कोरला. उरलेल्या डाय जाडाच्याच असणार, म्हणून रेघेच्या जागी दोन कोरला. चौदाही डायवर, मन लावून, सुबक.

एका वेळची चूक होती, ती त्याने माझ्या अंगावर कायमची लिहून टाकली. जो कुणी आकडा वाचून नीट काम करील, तोच चुकेल. मित्रांनो, याहून मोठा दगा कोणता असतो मला माहीत नाही, आणि तो करणाऱ्याच्या मनात दगा नव्हताच.

हे धर्मपालने बाजारात भेटल्यावर कुर्बानच्या कानावर घातलं. आणि त्याच आठवड्यात कुर्बान आला. चहाची वेळ होती, मशीन बंद होतं. त्याने वामनरावांना मशीनपाशी बोलावलं, एक डाय उचलून हातात दिली.

"वामनभाऊ, हे उलटं कोरलं पोरानं. हा एक नाही, दोन हाये. तवाबी हेच झालतं. जाडाची डाय पातळाले लावली. मी आपलं नाव वापस मांगाले नाही आलो. फकस्त हे आकडे बदला, नाही तं साऱ्या गावचं बी मरन."

वामनरावांनी डाय पाहिली. खरं काय ते त्यांना समजलं असावं, असं मला वाटलं. पण धर्मपाल उभा होता, गजेंद्र उभा होता.

"मंग त्या दिवशी बाईपुढे काहून नाही बोलला?"

"तुमीच मना केलं होतं."

"मी? मी तं तुले पंच साफ कराले सांगतले होते. ते तं तू रोजच करत होता."

कुर्बानजवळ दाखवायला काही नव्हतं. जे होतं ते त्याने स्वतःच्या हाताने घासलं होतं.

गजेंद्र म्हणाला, "चाचा, काम गेलं म्हणून आता माह्यावर काहून ढकलून राहिले?"

कुर्बानने डाय खाली ठेवली आणि तो फाटकातून निघून गेला.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. खोट्या एकाने वर्षभर काम केलं. चाळण्या कुसळांच्या निघत राहिल्या, गावं एकेक करून तुटली. कारण शोधताना सगळ्यांनी मलाच नावं ठेवली. सातबारा बिघडला, म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं. मग हातोड्याचे टोले बसले, तेल बंद झालं, एका पावसाळ्यात मला मशीनबाहेर ओल्या फरशीवर टाकून ठेवलं. अखेर भंगारवाल्याच्या गाडीवर चढवलं. कुर्बान अकोल्याला वारलेल्या भावाच्या घरी राहायला गेला, असं मला गाडीवर चढवताना धर्मपाल कुणाला तरी सांगत होता. त्यापलीकडे मला माहिती नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, बापाच्या कारखान्यात जी हत्यारं असतील त्यांची निगा राखा. पुसून ठेवा, वेळच्या वेळी धार लावा, आणि त्यांच्यावर काही लिहायचं असेल तर ज्याने ती सांभाळली त्याला आधी विचारा. एवढं कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे.

तुमच्यापैकी कुणी वलगावला गेलात तर दुर्गाबाईंना शोधा. त्यांना सांगा, त्या चाळण्या कुर्बानच्या हातच्या नव्हत्या. त्या झाल्या तेव्हा तो अकोल्यात होता, आणि आल्याबरोबर चाळण्या परत बोलवा म्हणून धावला होता. आणि हेही सांगा, की पंच त्यानेच घासले, तुम्ही येणार हे कळल्यावर घासले. दोन्ही सांगा. अर्धं खरं त्यांनी एकदा ऐकलं आहे.